उरलेली जागा

ड्वेन टेबल मोजायला आला तेव्हा लायनेल बेटेनकोर्ट त्याच टेबलाशी बसून सफरचंद खात होता. ड्वेन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी, इमारतीची देखभाल बघायचा, दिवे बदलायचा, अडकलेली दारं सोडवायचा. तो आत आला, टोपी मागं सरकवली आणि "उठू नका, उठू नका, मला फक्त लांबी पाहिजे," म्हणत त्यानं पोलादी टेप लायनेलच्या कोपराला घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. "सफरचंद जरा उचलता?" लायनेलनं सफरचंद उचललं. ड्वेननं पेन्सिलीनं तळहातावर आकडा लिहिला, मग खिडकी मोजली, मग दार.

"कशाला रे मोजतोयस?"

"मला कोण सांगतंय? परवान्यांच्या खिडकीवरची माणसं इकडं आणून बसवायचीत म्हणे." मग त्याचा हात थांबला. त्यानं लायनेलकडं पाहिलं, भिंतीवरच्या किनाऱ्याच्या लांबलचक नकाशाकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला सांगितलं नाही होय कुणी?"

"सांगितलं की," लायनेल म्हणाला. "आत्ताच सांगितलं."

ड्वेन गेला. तोंडातला घास मात्र खालीही जाईना आणि थुंकताही येईना. टेप कोपराला घासून गेली होती तिथं कातडीवर एक गार रेघ उरली होती, आणि ती रेघ हळूहळू दंडाकडं चढते आहे असं त्याला वाटत राहिलं. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. राज्याचं अनुदान या वर्षी येणार नाही हे तर त्याला हिवाळ्यापासूनच ठाऊक होतं. किनारा विभागात तो आणि नोएमी सालास अशी दोनच माणसं. तिचा सगळा पगार आणि त्याचा अर्धा त्या अनुदानातून निघायचा, आणि ते थांबलं की काउंटीनं आपल्या पदरचं घालायचं की नाही हे आज दुपारी मंडळ ठरवणार होतं. हे सगळं त्याला पाठ होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपण बसलेलो असताना आपल्या भोवतीनं कुणी टेप फिरवणं वेगळं. मेलेल्या माणसाचं माप घेतात तेव्हा निदान तो मेलेला तरी असतो. या विचाराचं त्याला हसू आलं आणि घास घशात अडकून ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून समोरचा नकाशा हलायला लागला. काउंटीचा सगळा किनारा, तांबड्या रेघांनी कुरतडलेला, प्रत्येक रेघ एकेका हिवाळ्यात कडा किती मागं हटला ते दाखवणारी. त्या रेघा त्यानंच ओढल्या होत्या. उमेदीचं सगळं आयुष्य त्यात गेलं. आणि तो नकाशा ज्या आराखड्यासाठी काढला तो आराखडा दर वेळी मंडळापुढं जायचा आणि 'अधिक अभ्यासासाठी' परत यायचा. जणू समुद्र त्यांचा अभ्यास पुरा होईस्तोवर थांबणार होता.

मर्ना ट्विचेलनं बोलावलं तेव्हा तो अजून खोकत होता. मर्ना नियोजन खात्याची संचालक. त्याच्याहून वयानं लहान, पण या वर्षात तिनं दोन विभाग बंद करून दाखवले होते आणि तेव्हापासून ती जेवणाऐवजी पित्ताच्या गोळ्याच चघळते आहे असं लोक म्हणायचे.

"दार लाव," ती म्हणाली.

"ड्वेन येऊन गेला."

मर्नानं डोळे मिटले. "गाढव आहे तो. मतदान झाल्यावर जा म्हणून सांगितलं होतं."

ती सांगत गेली आणि लायनेल तिच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या बाटलीकडं बघत ऐकत राहिला. दोन्ही पदं वाचणार नव्हती. एक वाचू शकत होतं. हॉलिस क्रेन, मंडळातला त्यांच्या भागाचा निवडून आलेला सभासद, एक जागा राखायचा ठराव मांडायला तयार होता, आणखी दोन मतं त्यानं जमवली होती. मग तिचा आवाज उतरला. "गल टेरेसच्या बंधाऱ्याची फाइल. ती निघाली पाहिजे."

"ती फाइल अडलेली नाही. तिला मी नाही म्हणालोय."

"तोंडी म्हणालायस. कागदावर अजून काही नाही." तिनं पुढ्यातला कागद त्याच्याकडं सरकवला. त्यावर एकच वाक्य होतं: लगतच्या किनाऱ्यावर लक्षणीय परिणाम संभवत नाही. खाली सहीसाठी रेघ.

गल टेरेसवर कड्याच्या टोकाशी काचेच्या भिंतींची घरं होती, त्यांचे मालक बहुतेक वर्षभर दुसरीकडंच असायचे. त्यांना पायथ्याशी काँक्रीटचा बंधारा हवा होता. बंधारा झाला की लाट त्याच्यावर आपटून वळणार, पुढ्यातली वाळू ओढून नेणार, आणि जिथं बंधारा संपतो तिथं सगळा जोर काढणार. बंधारा संपत होता तिथं ट्रेलर वस्ती होती. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, मोटेलात चादरी बदलणारी माणसं, कड्यावरच्या भाड्याच्या जमिनीत चाकं रुतलेली त्यांची पत्र्याची घरं.

"मी सही केली नाही तर?"

"तर एकही जागा नाही. विभाग बंद. फाइल माझ्याकडं येईल, मी सही करीन. पण मी किनारा विभागातली नाही, वस्तीवाल्यांनी राज्याकडं अपील केलं तर माझी सही उडेल. हॉलिसला ते कळतं. म्हणून त्याला किनाऱ्याच्या माणसाची सही हवी." तिनं एक गोळी तोंडात टाकली. "माझ्याकडं असं बघू नकोस, लायनेल. मी काही हे ठरवून करत नाही. एक माणूस उरला तर पुढच्या वेळी तरी कुणी नाही म्हणणारा असेल. सगळेच गेले तर कोण म्हणणार आहे? जागा तुझी आहे, तू जुना. तीनच्या आधी सांग."

कॉरिडॉरमध्ये नोएमी फोनवर बोलत होती, भिंतीकडं तोंड करून. "हो, चार तारखेचंच इंजेक्शन... नाही, विमा नोकरीतूनच आहे, माझ्याच..." तिचा नवरा कर्टिस छतं घालायची कामं करायचा, वर्षापूर्वी त्याच्या रक्तात काहीतरी निघालं आणि तेव्हापासून नोएमीच्या बोलण्यात तारखा आल्या. लायनेलला पाहून तिनं हात हलवला, फोनवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "मर्ना काय म्हणाली? वाचलो?" तो म्हणाला, "बघू." तिनं अंगठा वर केला. तिला त्यानंच कामावर घेतलं होतं. पहिल्या दिवशी ती उंच टाचांचे बूट घालून कड्यावर आली होती, ते काढून हातात घेऊन अनवाणी त्याच्यामागून चालली होती, आणि प्रत्येक दगडाजवळ तिचा प्रश्न तयार होता. जागा तुझी आहे, तू जुना. म्हणजे तिनं घरी जायचं. म्हणजे कर्टिसनं. हा विचार त्यानं पुरा होऊ दिला नाही. गाडीची किल्ली खिशात चाचपत तो बाहेर पडला. जेवणाची सुट्टी होती, आणि त्याला जेवायचं नव्हतं.

गाडी आपसूक कड्याकडंच गेली. धुकं उठून समुद्रावर टांगलं होतं आणि त्याखाली पाणी शिशासारखं दिसत होतं. वस्तीच्या फाटकाशी गाडी लावून तो कुंपणापलीकडं उभा राहिला, तिथून उत्तरेला जिथं त्याचं लहानपणीचं घर होतं ती हवा दिसायची. हवाच, जमीन कधीच गेली होती. त्याचा बाप मानुएल पोर्तुगीज बेटांवरून आलेला, सॅल्मन मासे धरायचा, आणि समुद्राला तो सावकारासारखा दरडावायचा. कडा घराच्या जवळ यायला लागला तसा बाप पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट ट्रकनं आणून खाली ओतायला लागला. गंजलेल्या मोटारी ओतल्या. एकदा एक अख्खा बाथटब. लायनेल तेव्हा शाळेत, बापाच्या शेजारी उभं राहून तोही दगड ढकलायचा आणि खाली पडल्याचा आवाज येईस्तोवर श्वास रोखून धरायचा. दोन हिवाळे घर टिकलं. बाप मिशीला पीळ देत फिरला. आणि त्या दोन हिवाळ्यांत शेजारच्या प्रुइटांची कोंबड्यांची खुराडी गेली, आर्टिचोकचे वाफे गेले, मग सरपणाची खोली गेली, जिथं आजवर कडा तसूभर हललेला नव्हता तिथं. व्हर्जिल प्रुइट एका सकाळी कुंपणाशी आला आणि म्हणाला, "मॅनी, तुझं पाणी माझ्या घरात येतंय." बाप म्हणाला, "समुद्र माझा आहे का?" त्यानंतर ते दोघे कधी बोलले नाहीत, एकमेकांच्या मयतीलाही गेले नाहीत. अर्थात एकाला ते शक्यच नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्यात बेटेनकोर्टांचं स्वयंपाकघर गेलं. लायनेलला आठवतो तो आवाज नव्हे, आवाज वाऱ्यात कळलाच नाही, आठवते ती आई, हातात किटली घेऊन बैठकीच्या दारात उभी, पुढं पाऊल टाकायला जमीन नाही म्हणून थांबलेली. पुढं त्यानं शिक्षण घेतलं, ही नोकरी धरली, लोक म्हणायचे बापाचं घर गेलं म्हणून पोरगा किनाऱ्याचं शिकला. ते खरं नव्हतं. त्याला रात्रंदिवस खायची ती खुराडी.

"उपाशी दिसतोयस," मागून आवाज आला. आयडा प्रुइट, व्हर्जिलची बायको, आता नव्वदीला टेकलेली. जमीन संपल्यावर ती या वस्तीत आली होती. अंगात नवऱ्याचं लोकरी जाकीट, हातात काठी. "ये आत. टूना आहे. पाव शिळा आहे, भाजून देते."

तिच्या ट्रेलरमध्ये बसलं की जमीन हलते आहे असं वाटायचं, पण ती हलायची नाही, पत्रा वाऱ्यानं हलायचा. लायनेलनं सँडविच हातात धरलं आणि सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं; सरकारी माणसानं असं सांगायचं नसतं. पण तोंड उघडलं आणि बंद होईना. एक जागा, एक सही, एक वाक्य. नोएमीचं मात्र त्यानं सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

आयडानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला विचारायला आलायस?"

"नाही."

"बरं केलंस. मी सांगणार नाही. माझं काय, मी या कड्याच्या आधी जाईन. पण पलीकडं ती रोझा आहे, तिची तीन पोरं आहेत. तो आंधळा मर्विन आहे, त्याला फाटकापर्यंतची वाट पायांनी पाठ आहे. त्याला दुसरीकडं नेऊन ठेवलास तर तो खुर्चीतच बसून मरेल." तिनं बशीतले चुरे बोटानं गोळा केले. "तुझ्या बापाला मी कधी वाईट बोलले नाही. का ठाऊक आहे? व्हर्जिलला ट्रक मिळाला असता तर त्यानंही तेच केलं असतं. प्रत्येक जण आपल्यापुरतं बघतो रे. त्यात पाप नाही म्हणतात. मला आपलं वाटतं, आहे."

परत येताना त्याचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांमागं, कुणी अंगठ्यानं दाबतंय तसं. सही केली तर वस्ती गेली. नाही केली तर नोएमी गेली. ती तर दोन्हीकडून जातच होती. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली, इतकी साधी की आधी कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. त्याला स्टीअरिंग हलकं लागायला लागलं. धुक्यात कुठंतरी ऊन होतं. त्यानं खिडकी खाली केली आणि खारा वारा तोंडावर घेतला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली. त्या गोष्टीकडं त्यानं फार निरखून पाहिलं नाही. ताप उतरताना माणूस तो का उतरला हे विचारत बसत नाही.

मर्ना सभागृहाच्या दाराशी उभी होती. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "ती जागा नोएमीला दे. मी जातो. माझी निवृत्तीची सोय आहे, तिला विमा हवा."

मर्ना गोळी चघळायची थांबली. "आणि सही?"

"मी तर असणारच नाही."

"लायनेल..." ती काही बोलणार होती. आत घंटा वाजली. तिनं ओठ मिटले, आणि तिच्या डोळ्यांत काही चमकून गेलं ते त्याला कौतुक वाटलं.

सभा छोटीच झाली. ग्रंथालयाचे तास, कुत्र्यांचे परवाने, मग किनारा विभाग. बोलायला त्याला वेळ दिला होता. त्यानं उठून सांगितलं की आपण स्वतः पद सोडत आहोत आणि सालास या अत्यंत लायक नियोजनकार आहेत. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हॉलिस क्रेन खुर्चीत पुढं झुकून मर्नाच्या कानाशी लागला, तिनं मान हलवली, तो परत मागं रेलला आणि हसला. "काउंटीच्या सेवेत अशी माणसं आता राहिली नाहीत," तो माइकवर म्हणाला. दोनाविरुद्ध तीन मतांनी एक जागा राखली गेली. लायनेलनं मागं वळून पाहिलं. नोएमी शेवटच्या रांगेत होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून. रडतेय, त्याला वाटलं.

पार्किंगमध्ये ती त्याच्या गाडीला टेकून उभी होती. ती रडलेली नव्हती.

"मर्नानं कागद दाखवला मला," ती म्हणाली. "एका वाक्याचा."

लायनेलनं खिशातली किल्ली चाचपली.

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"वेळ नव्हता, नोएमी. तुझा विमा..."

"माझा विमा. हो." ती हसली, आणि ते हसू त्यानं तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "जागा तुम्ही मला दिलीत. पण नाही म्हणायची सोय स्वतःजवळ ठेवलीत. तुम्ही नाही म्हणून चाललात आणि मी हो म्हणायला उरले. खरं ना? हे तुम्हाला तेव्हा कळलं नसेल असं मला म्हणू नका. तुम्ही मला शिकवलंत, लायनेल. तुमचं डोकं कसं चालतं मला ठाऊक आहे."

"काहीतरी वाट निघेल. तू लांबणीवर टाक, अभ्यास माग..."

"चार तारखेला इंजेक्शन आहे. पहिल्या तारखेला कागद टेबलावर येणार. काय वाट? सांगा." ती खरंच थांबली. डोकं थोडं कलतं करून, कड्यावरच्या त्या पहिल्या दिवसांत दगडाकडं बोट दाखवून थांबायची तशी, उत्तर मिळेल अशा पुऱ्या भरवशानं. त्यानं तोंड उघडलं. वाऱ्यानं एक कागदी पेला पार्किंगभर घरंगळत नेला.

"मी सही करणार आहे," ती म्हणाली. "ओरडणार नाही, रडणार नाही, करणार आहे. वस्तीतल्या लोकांना मी नाही सांगणार. तेवढं तुम्ही करा. तेवढं तरी माझ्यावर टाकू नका."

तो गेला. जायलाच हवं होतं, आणि वाटेत एकदाही त्यानं गाडी घराकडं वळवायचा विचार केला नाही, हे पुढं त्याला स्वतःबद्दल सांगता येण्यासारखं एवढंच होतं. संध्याकाळचं ऊन आडवं पडलं होतं, पत्र्याच्या घरांना सोन्याची कड आल्यासारखी. आयडा दारातच खुर्ची टाकून बसली होती. काठी टेकत ती अर्धवट उठली.

"काय रे? राहिली का तुझी जागा?"

"नाही," तो म्हणाला. "मी सोडली. सही केली नाही मी, पण..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. तिनं काठी टाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. तिची बोटं बर्फासारखी गार होती आणि त्यांच्यात विश्वास बसू नये इतका जोर होता. "सोडली," ती पुटपुटली. "मॅनी बेटेनकोर्टच्या पोरानं." मग ती वळली आणि त्या वयातल्या माणसाला शोभणार नाही अशा आवाजात ओरडली, "रोझा! अगं रोझा, बाहेर ये! मर्विनला आण! यानं नोकरी सोडली, पण सही नाही केली!"

"मिसेस प्रुइट, थांबा, तसं नाही..."

दारं उघडायला लागली. रोझा ओले हात पुसत आली, तिच्यामागं तिची पोरं. कामावरून परतलेला एक माणूस बियरचे डबे घेऊन आला आणि त्यातला एक त्यानं लायनेलच्या हातात खुपसला. आंधळा मर्विन चाचपत पुढं आला, त्याच्या खांद्यावरून बोटं फिरवत चेहऱ्यापर्यंत नेली आणि गालावर थोपटलं. कुणी पाठीवर मारलं. कुणी म्हणालं, काउंटीत एक तरी माणूस निघाला. लायनेल मान हलवत होता, नाही, नाही म्हणत होता, आणि ते त्याचा विनय समजून आणखीच जवळ येत होते. आयडा डोळे पुसत होती. खाली लाट आली, गेली, वाळूवरून ओढत गेल्याचा तिचा लांब आवाज आला.

"ऐका," तो मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "ऐका, मला तुम्हाला काही सांगायचंय."

रोझानं पोरांना दटावलं. मर्विननं टोपी काढली. सगळे गप्प झाले. त्यांना वाटलं, तो भाषण करणार.